पुन्हा परीक्षेला बसवलेला मुलगा

आम्हा शिक्षकांच्या हातून एक गुन्हा वरचेवर घडतो आणि त्याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. पेपर तपासताना एखाद्या मुलाला आपल्या अंदाजापेक्षा फार जास्त गुण पडतात आणि लाल पेन थांबते. हा कोणाच्या शेजारी बसला होता, हे आपण आठवू लागतो. वर्गातल्या नेहमीच्या हुशार मुलाला तेवढेच गुण पडले असते तर पेन थांबले नसते.

काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाच्या बाबतीत आम्ही हे केले. त्याचे वडील रस्त्याच्या कडेला पंक्चर काढायचे. मुलगा मागच्या बाकावर बसायचा, शर्टाला नेहमी ग्रीसचा डाग असायचा. गणिताच्या चाचणीत त्याला २५ पैकी २५ पडले. आम्ही त्याला मधल्या सुट्टीत बोलावले, हातात खडू दिला आणि फळ्यावर तीच उदाहरणे आकडे बदलून घातली. त्याने सगळी सोडवली, एकही चूक नाही. आम्ही "शाबास बेटा" म्हणालो, पाठीवर थाप मारली आणि प्रकरण मिटले असे समजलो. त्याच्या बाजूने ते मिटले नव्हते. त्या वर्षी आमच्या तासाला त्याने पुन्हा एकदाही हात वर केला नाही.

अमेरिकेच्या मरीन कोअरमधले लेफ्टनंट जनरल फ्रँक पीटरसन यांची हकीकत वाचनात आली तेव्हा आम्हाला आधी तो मुलगा आठवला आणि मग आपला स्वतःचा खडू.

सन १९५०. कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात १८ वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा नौदलात भरती व्हायला गेला. हायस्कूल झाले होते, शहरातल्याच वॉशबर्न विद्यापीठात एक वर्ष काढले होते. भरतीची लेखी परीक्षा त्याने दिली. निकाल पाहून अधिकाऱ्यांनी त्याला पुन्हा बोलावले आणि पुन्हा परीक्षेला बसवले, कारण एका काळ्या मुलाला इतके गुण मिळतील यावर त्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्या वेळी त्याला पहिल्यापेक्षाही जास्त गुण पडले. आता नक्कल केली असे म्हणता येत नव्हते. तेव्हा भरती करणाऱ्याने खुशीत येऊन त्याला सांगितले की, तू तर नौदलात फार उत्तम स्टुअर्ड होशील!

स्टुअर्ड म्हणजे काय, हे समजल्याशिवाय यातली मेख कळणार नाही. जहाजावर अधिकाऱ्यांच्या मेजावर जेवण वाढणारा, त्यांच्या खोल्या झाडणारा, बूट चकचकीत करणारा तो स्टुअर्ड. अमेरिकेच्या नौदलात हे काम बहुतेक करून काळ्या आणि फिलिपिनो जवानांसाठीच ठेवलेले असे. १९४१ साली पर्ल हार्बरवर जपानी विमानांनी हल्ला केला, तेव्हा डोरी मिलर नावाच्या अशाच एका वाढप्याने कधीही न शिकवलेली विमानविरोधी मशीनगन हाती घेऊन गोळ्या झाडल्या. त्याला नेव्ही क्रॉस हा मोठा सन्मान मिळाला. दोन वर्षांनी युद्धातच तो मरण पावला, तोपर्यंत त्याचे खाते तेच राहिले, स्वयंपाकघराचे. म्हणजे टोपेकातल्या त्या मुलाला दोनदा अव्वल येऊनही जे बक्षीस देऊ केले गेले ते हे.

वाचक बंधू-भगिनींना हा अनुभव अगदीच परका वाटणार नाही. "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!" ही शाबासकी आपल्यापैकी ज्याला मिळाली नाही असा माणूस विरळा. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, हे आम्ही मान्य करतो. तरीही दरवेळी घशाशी काहीतरी अडकते. रत्नागिरीच्या किंवा सोलापूरच्या माणसाने मराठी बोलावी यात नवल ते काय?

टोपेका हे गावही साधेसुधे नाही. फ्रँक पीटरसन तिथे २ मार्च १९३२ रोजी जन्मला. त्या काळी तिथल्या प्राथमिक शाळा गोऱ्यांच्या वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या होत्या. हायस्कूल मात्र एकत्र. याच शहरातल्या काळ्या पालकांनी १९५१ साली शाळा मंडळावर खटला भरला. 'ब्राऊन विरुद्ध टोपेका शिक्षण मंडळ' या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५४ साली न्यायालयाने एकमताने सांगितले की, वंशावरून शाळा वेगळ्या ठेवणे राज्यघटनेला धरून नाही. बी.एड.च्या पुस्तकात हा निकाल आम्ही दोन ओळींत वाचला होता. त्या गावच्या एका मुलाने निकालाची वाट न पाहता दुसऱ्याच दारावर धडक दिली होती, हे पुस्तकात नव्हते.

आता ज्या दलात तो पुढे गेला त्याविषयी थोडे. मरीन कोअर हे अमेरिकेच्या सैन्याचे एक निराळे अंग आहे. ते नौदल खात्याखाली येते, पण त्याचा प्रमुख स्वतंत्र असतो. त्याला कमांडंट म्हणतात. समुद्रातून परक्या किनाऱ्यावर उतरायचे आणि लढायचे, हे त्यांचे मूळ काम. त्यांचे पायदळ, त्यांची विमाने, सगळे स्वतःचे. १० नोव्हेंबर १७७५ ही त्यांची स्थापनेची तारीख आणि तिचा त्यांना केवढा अभिमान! पण या अभिमानात काळ्या माणसाला जागा नव्हती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मोजके काळे मरीन होते, त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे एकही घेतला नाही. १९४१ साली कमांडंट असलेल्या थॉमस होलकोंब यांनी अधिकाऱ्यांच्या बैठकीत जे सांगितले ते सरकारी कागदात नोंदलेले आहे. मला ५ हजार गोरे किंवा अडीच लाख काळे यांत निवड करायला लावली तर मी गोरेच घेईन, असा त्याचा आशय. हिशेब कच्चा नव्हता, मनच तसे होते.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकमामुळे जून १९४२ पासून काळ्यांची भरती सुरू करणे भाग पडले. त्यांच्यासाठी नॉर्थ कॅरोलायना राज्यात माँटफर्ड पॉइंट नावाची वेगळी छावणी उघडली. गोऱ्या मरीनची मोठी छावणी, कॅम्प लेज्यून, शेजारीच होती. पण सोबत गोरा मरीन असल्याशिवाय तिथे पाय ठेवायची काळ्यांना मनाई होती. १९४९ पर्यंत या वेगळ्या छावणीतून सुमारे २० हजार जवान तयार झाले.

त्यांना घडवणाऱ्या कवायत-शिक्षकांमध्ये गिल्बर्ट जॉन्सन हे नाव आजही आदराने घेतले जाते. मरीनमध्ये येण्याआधी त्यांनी भूदलात आणि नौदलात नोकरी केली होती. नोकरीच्या वर्षांच्या पट्ट्या बाहीवर लावतात. जॉन्सन यांच्या बाहीवर त्या इतक्या होत्या की, त्यांचे टोपणनावच 'हॅशमार्क', म्हणजे पट्टीवाले, असे पडले. शिस्तीला फार कडक. आपल्या मुलांना इतरांपेक्षा दुप्पट काटेकोर राहावे लागणार, हे त्यांना ठाऊक होते. १९७४ साली त्या छावणीला त्यांचेच नाव देण्यात आले. १० नोव्हेंबर १९४५ रोजी फ्रेडरिक ब्रांच हा मरीनमधला पहिला काळा अधिकारी झाला. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातले वंशभेद संपवण्याचा हुकूम काढला. हुकूम कागदावर निघाला आणि दोन वर्षांनी टोपेकात तोच भरतीवाला तसाच बोलत होता.

पीटरसन स्टुअर्ड झाला नाही. साधा खलाशी म्हणून आत शिरला आणि इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाचे काम शिकू लागला. डिसेंबर १९५० मध्ये कोरियातून एक बातमी आली. जेसी ब्राऊन नावाचा नौदलाचा वैमानिक चोसिन जलाशयाजवळच्या बर्फात कोसळून मरण पावला. ब्राऊन मिसिसिपीच्या गरीब शेतमजूर कुटुंबातला. नौदलाचे वैमानिक प्रशिक्षण पुरे करणारा पहिला काळा माणूस. त्याचा गोरा साथीदार टॉमस हडनर याने ब्राऊनला वाचवण्यासाठी स्वतःचे विमान मुद्दाम तिथेच बर्फावर उतरवले आणि शेवटपर्यंत झटला, पण मोडक्या विमानात अडकलेला ब्राऊन निघाला नाही. पीटरसनने ही बातमी ऐकली आणि दुःखाच्या आधी त्याच्या मनात दुसरेच काही आले. काळा माणूस नौदलाचे विमान चालवू शकतो तर! ब्राऊन जिवंत असताना त्याचे नाव या मुलापर्यंत पोहोचले नव्हते. मरणाच्या बातमीने पोहोचले.

यावर आम्ही बराच वेळ थांबलो. आपल्या मुलांना आपण काय काय दाखवतो याचा विचार करत राहिलो. डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर दुबईची नोकरी. हवालदार अब्दुल हमीद यांचे नाव आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे, ते असायलाच हवे. १९६५ साली खेमकरणच्या उसाच्या शेतांत जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडणारा तो शिंपी घराण्यातला जवान शहीद झाला, त्याला परमवीर चक्र मिळाले. पण अब्दुल हमीद आपल्या मुलांना माहीत आहेत ते शहीद म्हणून. जिवंतपणी पायरी पायरीने वर चढत गेलेली माणसे त्यांना कोण दाखवणार?

१९५१ साली पीटरसन वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी निवडला गेला आणि फ्लोरिडातल्या पेन्साकोला येथे पोहोचला. फ्लोरिडा म्हणजे दक्षिण. तळाच्या फाटकाच्या आत सरकारी हुकूम, फाटकाबाहेर गोऱ्यांचा कायदा. तिथे बसमध्ये काळ्यांनी मागे बसायचे. पीटरसनने मागे जायला नकार दिला आणि त्याला बसमधून उतरवण्यात आले. रोझा पार्क्स यांची बसमधली गोष्ट आपल्याला माहीत असते, ती १९५५ ची. त्याआधीही किती जण असे रस्त्याच्या कडेला उतरवले गेले असतील, त्यांची मोजदाद नाही.

ऑक्टोबर १९५२ मध्ये त्याचे उड्डाण प्रशिक्षण पुरे झाले. वैमानिकाचे सोनेरी पंख छातीवर लागले आणि मरीन कोअरमध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून त्याने पद स्वीकारले. मरीनचा तो पहिला कृष्णवर्णीय वैमानिक. वय वर्षे २०.

पुढची नेमणूक कॅलिफोर्नियात, एल टोरोच्या हवाई तळावर. नवा कोरा गणवेश घालून तो तिथे गेला, तर एका कॅप्टनने त्याला लेफ्टनंटचे सोंग घेतल्याच्या आरोपावरून अटक करवली. काळा माणूस आणि मरीनचा लेफ्टनंट? शक्यच नाही, असा त्याचा तर्क. परीक्षेच्या वेळी झाले तेच पुन्हा. तेव्हा गुण खोटे वाटले, आता खांद्यावरचा बिल्ला खोटा वाटला.

१९५३ साली तो कोरियात होता. 'कॉर्सेअर' हे पंख्याचे विमान, पाण्यावरच्या बगळ्यासारखे वाकडे पंख असलेले. जेसी ब्राऊन ज्यात पडला होता तेच. पीटरसनने त्यातून ६४ मोहिमा केल्या. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस आणि सहा एअर मेडल एवढी पदके घेऊन तो परतला, तेव्हा २२ वर्षांचाही नव्हता. इतके होऊनही पुढे हवाई बेटांवर नेमणूक झाली तेव्हा एका घरमालकाने त्याला आणि त्याच्या पत्नीला घर भाड्याने द्यायला नकार दिला. मुंबई-पुण्यात ज्यांनी फोनवर ठरलेली खोली नाव सांगताच हातची जाताना पाहिली आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

मधल्या वर्षांविषयी लिहिण्यासारखे फार नाही. बढत्या मिळत गेल्या, पंख्याची विमाने गेली, जेट आली. एक गोष्ट मात्र शिक्षक म्हणून सांगावीशी वाटते. एका वर्षातच कॉलेज सोडून भरती झालेल्या या माणसाने नोकरी सांभाळत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाची पदवी घेतली, १९६७ साली, म्हणजे वयाच्या पस्तिशीत. नंतर १९७३ साली आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए.ही केले. आमच्याकडे तिशीतल्या भगिनी विचारतात, आता बारावीचा फॉर्म भरून काय उपयोग?

आता व्हिएतनाम. इथे लेखणी जरा जड होते.

१९६८ साली पीटरसन व्हिएतनामला गेले ते एका लढाऊ स्क्वॉड्रनचे प्रमुख म्हणून. क्रमांक ३१४, नाव 'ब्लॅक नाइट्स', म्हणजे काळे सरदार. हे नाव त्यांच्या आधीपासूनचे, त्यांच्या रंगाशी त्याचा संबंध नव्हता, योगायोग म्हणायचा. नौदल आणि मरीन मिळून स्क्वॉड्रनची कमान मिळालेला पहिला काळा अधिकारी तेच. विमान होते दोन आसनी 'फँटम'. त्याच वर्षी खालून झालेल्या माऱ्यात त्यांचे विमान पेटले, छत्री घेऊन बाहेर उडी मारावी लागली, हेलिकॉप्टरने उचलून आणले. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्याला मिळणारे 'पर्पल हार्ट' त्यांना मिळाले आणि ते पुन्हा उडू लागले. त्यांच्या स्क्वॉड्रनला त्या वर्षी मरीनमधली सर्वोत्कृष्ट लढाऊ स्क्वॉड्रन म्हणून गौरवण्यात आले. दोन्ही युद्धे मिळून त्यांनी ३५० हून अधिक मोहिमा केल्या आणि लढाऊ विमानांत ४ हजारांहून अधिक तास काढले.

पण त्या विमानांखाली माणसे होती. व्हिएतनामच्या युद्धात लाखो व्हिएतनामी मारले गेले, त्यात शेतकरी, बायका, मुले किती, हे जगाने पाहिले आहे. आणि त्याच काळातला आपल्या ओळखीचा आणखी एक काळा अमेरिकन आहे, मुहम्मद अली. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनच्या भरती केंद्रात त्यांचे नाव पुकारले गेले आणि त्यांनी पाऊल पुढे टाकायला नकार दिला. आपला दीन या युद्धाची परवानगी देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जगज्जेतेपद गेले, मुष्टियुद्धाचा परवाना गेला, पाच वर्षांच्या तुरुंगवासाची आणि १० हजार डॉलर दंडाची शिक्षा झाली. चार वर्षांनी, जून १९७१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तोवर उमेदीची वर्षे निघून गेली होती.

आमच्या घरी यावर वाद झाला. थोरल्याचे म्हणणे, अलीच खरा शूर, पीटरसन तर ज्यांनी बसमधून उतरवले त्यांच्यासाठीच लढला. आमच्या अब्बांनी, ते ७८ वर्षांचे आहेत, वेगळेच सांगितले. म्हणाले, घर आपले असेल तर दारात उभे राहून भांडणारा एक लागतो आणि आत जाऊन आपली खोली ताब्यात घेणारा एक लागतो. आम्हाला दोघांचेही पटते आणि पूर्ण कोणाचेच पटत नाही. युद्ध म्हणून व्हिएतनामचे समर्थन आम्ही करणार नाही. पीटरसन यांनी सोसलेला अपमान मोठा म्हणून त्यांच्या बॉम्बखाली सापडलेल्यांचे दुःख लहान होत नाही. आणि तरीही, ज्या दलाच्या प्रमुखाला अडीच लाख काळ्यांपेक्षा ५ हजार गोरे बरे वाटत होते, त्या दलात हा माणूस आत कसा राहिला आणि आत राहून त्याने काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

व्हिएतनामच्या त्या वर्षांत मरीनच्या तळांवर आतूनच आग लागली होती. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. काळ्या जवानांचा राग उफाळून आला. काही गोरे जवान गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेचा झेंडा मिरवत. जुलै १९६९ मध्ये कॅम्प लेज्यून येथे मोठी मारामारी झाली, त्यात एका जवानाचा जीव गेला. सप्टेंबरमध्ये कमांडंट चॅपमन यांनी सर्व तळांना आदेश पाठवला की, भेदभाव चालणार नाही, आणि काळ्या जवानांना नियमात बसेल एवढे त्यांच्या पद्धतीचे केस ठेवता येतील. केस हा विषय बाहेरच्याला क्षुल्लक वाटतो. ज्याला दाढीवरून, टोपीवरून किंवा रुमालावरून कधी अडवले गेले आहे त्याला तो क्षुल्लक वाटत नाही.

व्हिएतनामहून परतल्यावर पीटरसन यांना कमांडंटचे विशेष सहायक नेमले गेले, अल्पसंख्याकांच्या प्रश्नांसाठी. वैमानिकाला जमिनीवरची खुर्ची. हे काम नाजूक होते. वरिष्ठांना वाटावे हा आपल्याविरुद्ध तक्रारी गोळा करतो, आणि खालच्या काळ्या पोरांना वाटावे हा साहेबांचा माणूस. आपल्या समाजात कमिटीवर घेतलेल्या माणसाची अशीच दोन्हीकडून ओढाताण होते, हे आपण पाहतोच. पण दलात काळ्या अधिकाऱ्यांची संख्या फारच थोडी होती आणि कोणीतरी हे काम करायलाच हवे होते. त्यांनी ते केले, आणि पुन्हा विमानांकडे गेले.

१९७९ साली ते ब्रिगेडियर जनरल झाले. मरीनच्या इतिहासातले पहिले काळे जनरल. भूदलात हा दिवस १९४० साली आला होता, हवाई दलात १९५४ साली, नौदलात १९७१ साली. मरीन सर्वात शेवटी, २०० वर्षांहून अधिक काळ लावून. पुढे विमानांच्या ग्रुपची, विंगची आणि शेवटी व्हर्जिनियातल्या क्वांटिको या मोठ्या तळाची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९८६ साली तीन ताऱ्यांचे लेफ्टनंट जनरल झाले. क्वांटिको म्हणजे जिथे मरीनचे अधिकारी तयार होतात ते ठिकाण. कधीकाळी लेफ्टनंटचे सोंग घेतल्याच्या आरोपाखाली पकडलेला माणूस आता तिथून निघणाऱ्या लेफ्टनंटांचा प्रमुख होता. चार ताऱ्यांपर्यंत मात्र ते पोहोचले नाहीत. मरीनमध्ये तो मान काळ्या अधिकाऱ्याला मिळायला आणखी बराच काळ जावा लागला. ऑगस्ट २०२२ मध्ये मायकेल लँगली पहिले चार तारांकित काळे मरीन जनरल झाले, माँटफर्ड पॉइंटची छावणी उघडल्याला ८० वर्षे झाल्यावर.

१ ऑगस्ट १९८८ रोजी पीटरसन निवृत्त झाले. ३८ वर्षांची नोकरी. त्या वेळी नौदल आणि मरीन दोन्ही मिळून नोकरीत असलेल्या सगळ्या वैमानिकांत ते सर्वात जुने होते. अशा ज्येष्ठ वैमानिकाला 'ग्रे ईगल' म्हणजे करडा गरुड म्हणतात. मरीनपुरता हाच मान 'सिल्व्हर हॉक' या नावाने दिला जातो. त्यांच्याकडे दोन्ही होते. पुढे त्यांनी एका मोठ्या रसायन कंपनीच्या विमान विभागाचे काम पाहिले आणि १९९८ साली आपले आत्मचरित्र लिहिले. २५ ऑगस्ट २०१५ रोजी, ८३ व्या वर्षी, मेरीलँड राज्यात आपल्या घरी ते वारले.

आमच्या धर्मात गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, हे प्रेषितांच्या (स.) अखेरच्या हजच्या खुतब्यापासून सांगितले गेले आहे, आणि हजरत बिलाल (रजि.) यांना काब्याच्या छतावर चढवून अजान द्यायला लावली गेली हे आपण अभिमानाने सांगतो. मग आपल्या घरात सुनेसाठी स्थळ बघताना पहिला प्रश्न "रंग कसा आहे?" हा का असतो? बिरादरीचा प्रश्न दुसरा. अमेरिकेवर लिहिताना हे लिहायचे राहून गेले असते तर आमची आम्हालाच शरम वाटली असती.

एक शेवटची हकीकत. अमेरिकेच्या नौदलाने एका नव्या विनाशिकेला फ्रँक पीटरसन यांचे नाव दिले. ही युद्धनौका मिसिसिपी राज्यातल्या पास्कागूला येथे बांधली गेली, म्हणजे जेसी ब्राऊनच्या राज्यात. आणि १४ मे २०२२ रोजी ती समारंभाने सेवेत दाखल झाली ती चार्ल्सटन बंदरात.

चार्ल्सटन हे नाव आम्हाला दुसऱ्या एका कारणाने ठाऊक होते. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना अमेरिकेत उतरवून विकण्याचे ते सर्वात मोठ्या बंदरांपैकी एक. १८०७ साली तिथे उतरवलेल्या बेड्यांतल्या माणसांमध्ये आजच्या सेनेगलच्या फुता तोरो भागातला एक आलिम होता, उमर इब्न सईद. त्याने २५ वर्षे दीनी तालीम घेतलेली होती. तो मालकाकडून पळाला, नॉर्थ कॅरोलायनात पकडला गेला आणि तुरुंगाच्या भिंतीवर कोळशाने अरबीत लिहू लागला. पाहणारे चकित झाले, गुलामाला लिहिता येते! १८३१ साली त्याने आपली हकीकत अरबीत लिहून काढली, आरंभी कुरआनातली सूरह मुल्क. ते हस्तलिखित आज वॉशिंग्टनमध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेले आहे. पीटरसन यांच्या नावाचे जहाज चार्ल्सटनला सेवेत आले, त्याच महिन्यात त्याच शहरात उमर यांच्या जीवनावरच्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग झाला.

हे सगळे आम्ही यंदा वर्गात सांगितले, दोन तास लागले. पंक्चरवाल्याचा तो मुलगा केव्हाच शाळा सोडून गेला आहे. आयटीआय करून शहरातल्या एका कारखान्यात लागला, असे त्याच्या वडिलांनी सांगितले. आम्ही त्याचा नंबर मागून घेतला आहे. फोन अजून केलेला नाही.